नऊ लाखांची ऑफर आणि साठ माणसांची कंपनी

प्रश्न : मुलगी यंदा कम्प्युटर इंजिनिअर झाली. पुण्यात बाणेरच्या एका स्टार्टअपने नऊ लाखांचं पॅकेज देऊ केलंय. सध्या साठ माणसं आहेत, वर्षभरात दीडशे करणार म्हणतात. जेवण फुकट, ऑफिसात टेबल टेनिस. पण ऑनलाइन रिव्ह्यू वाचून धास्ती वाटते. पाठवू का? (एक पालक, सांगली)

नमस्कार,

आधी ते नऊ लाख सोडवून बघू. तुम्ही जोडलेल्या ऑफर लेटरप्रमाणे त्यात दीड लाखाचे ईसॉप (म्हणजे कंपनीचे शेअर पुढे ठरलेल्या भावाने घेण्याचा हक्क) आणि एक लाख व्हेरिएबल (कामगिरी बघून मिळणारी रक्कम) आहे. उरले पक्के साडेसहा. पीएफ वगैरे जाऊन हातात महिना पन्नास हजारांच्या आसपास. ईसॉपला पगार समजू नका. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर त्यातलं काहीच मिळत नाही, सगळे मिळायला बहुतेक ठिकाणी चार वर्षं लागतात, आणि शेअर घेताना पदरचे पैसे घालून वर टॅक्सही भरावा लागतो. तेव्हा खोलीचं भाडं नि मेसचा हिशेब साडेसहावरच धरा.

रिव्ह्यूंमध्ये पाच तारेवाले आणि एक तारावाले सोडून द्या. तीन तारेवाले वाचा. तीच तक्रार फिरून फिरून येतेय का, एवढंच पाहा.

मला काळजी वाटते ती साठाचे दीडशे होण्याची. साठ जणांत फाउंडर प्रत्येकाला नावाने ओळखतो. पुढे भराभर भरती झाली की कालपर्यंत शेजारी बसून कोड लिहिणारा पोरगा एकदम मॅनेजर होतो. माणसं कशी सांभाळायची हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. मग रात्री अकराला स्लॅकवर, म्हणजे ऑफिसच्या चॅट अ‍ॅपवर, मेसेज येतो, 'दोन मिनिटं कॉलवर येतेस का?' तुमच्या मुलीचे दिवस कसे जातील ते या माणसावर ठरणार. म्हणून होकार कळवण्याआधी तिने त्याच्याशी अर्धा तास बोलायला मागावं. तुमच्या टीममधून शेवटचं कोण सोडून गेलं आणि का, असं सरळ विचारावं. 'आम्ही इथे सगळे एक फॅमिली आहोत' एवढंच उत्तर आलं तर जपून.

दुसरं, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असणं 2013 च्या कायद्याने बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं विचारावीत. एचआर तिथेच अडखळली, तर मी मुलीला पाठवणार नाही.

उत्तरं धड मिळाली तर खुशाल पाठवा. मोठ्या कंपनीत बेंचवर बसून प्रोजेक्टची वाट बघण्यापेक्षा इथे हाताला काम लवकर मिळेल. एचआरला फोन मात्र तिलाच करू द्या, तुम्ही करू नका.