ओरिगामीत आधी सगळे बेस शिकायचे, की थेट फुलांना हात घालायचा?

थेट फुलांनाच हात घाला. बेस म्हणजे कागदाच्या सुरुवातीच्या ठरावीक घड्या, ज्यांच्यापासून पुढे वेगवेगळ्या वस्तू होतात. ते घोकत बसणाऱ्यांची एक जमात असते. त्यातले एक आमच्याच घरात आहेत, म्हणून तर हे लिहायला बसले.

आमच्या धाकट्या भाऊजींना पतंग, मासा, पक्षी, बेडूक असे सगळे बेस डोळे मिटून येतात. दिवाणखान्यात ठेवावं असं फूल मात्र त्यांच्या हातून कधी उतरलेलं नाही. गौरी यायच्या आदल्या रात्री मी मखरासाठी कुसुदामाची, म्हणजे जपानी कागदी गोळ्यांमधली, फुलं करत होते. पाच चौकोनी कागद, एकेका कागदाची एक पाकळी आणि पाचही पाकळ्या फेव्हिकॉलने एकमेकींना चिकटवायच्या. हात बसला की टीव्ही बघत बघत होतं. भाऊजींनी एक फूल उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "वहिनी, गोंद लावला की ती ओरिगामी नाही, शाळेतला कार्यानुभव!" सासूबाईसुद्धा हसल्या. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या बायका फुलांचं कौतुक करायला लागल्या, तेव्हा "सगळं घरीच केलंय हो" म्हणायला हेच गृहस्थ पुढे!

तेव्हा गप्प बसले, आता बसणार नाही. जपानात १७९७ साली 'हिदेन सेनबाझुरू ओरिकाता' हे पुस्तक छापलं गेलं. हौसेखातर करायच्या ओरिगामीवरचं ते सगळ्यात जुनं उपलब्ध पुस्तक मानतात. त्यात एकाच कागदातून एकमेकांना जोडलेले क्रौंच करायला दाखवलेत आणि त्यासाठी कागदाला आधी चिरा पाडाव्या लागतात. कुसुदामाचे गोळे तर सुईदोऱ्यानेही ओवतात. कात्री नको, गोंद नको, एकच चौकोन हवा, हे सोवळं फार नंतरचं.

आता तुमचं. चौकोनी बेस आणि वॉटरबॉम्ब बेस एवढे दोन पुरेत. खरं तर तो एकच आहे: दोन कर्ण आणि दोन मधल्या घड्या त्याच, फक्त दिशा उलट. चौकोनी बेसचं बंद टोक आत ढकलून तो उलटा केलात की वॉटरबॉम्ब तयार. वॉटरबॉम्बमधून ट्यूलिप होतं, शेवटी खालच्या भोकातून फुंकर मारून फुगवायचं. त्याला गोंदाचा थेंब लागत नाही (भाऊजींना अजून जमलेलं नाही). पहिला कर्ण टोकाला टोक लावून, नखाने दाबूनच घाला. तिथे केसभर सरकलं तर पुढे प्रत्येक टोक वाकडं येतं. घोटीव कागद टाळा, घडीवर रंग उडून पांढरी रेघ दिसते. झेरॉक्सचा कागद चौकोनी कापून घेतलात तरी सरावाला उत्तम.

हां, लिली करायची असेल तर बेडकाचा बेस चुकत नाही, एवढं मान्य. पण तो लिली करता करताच शिका, म्हणजे शेवटी पाकळ्या पेन्सिलीवर गुंडाळायची मजा तरी हाती लागते. जपानी ओरिगामीकार कावासाकींच्या गुलाबाच्या वाटेला मात्र इतक्यात जाऊ नका. तिथे हे बेस कामाला येत नाहीत, कागद पिळून गुंडाळावा लागतो आणि नवशिक्याचा त्यात चोळामोळा होतो.

आणि तुमच्या गोंदाच्या बाटलीकडे बघून कुणी नाक मुरडलंच, तर त्याच्यापुढे ६० चौकोन ठेवा आणि याच फुलांचा १२ फुलांचा गोळा बिनगोंदाचा, बिनदोऱ्याचा करून दाखवायला सांगा. यंदाच्या गौरीला मी भाऊजींसाठी कागद आधीच कापून ठेवणार आहे.