धिंगरीचे बियाणे घेताना आधी प्रजाती विचारा

प्रश्न: हिवाळ्यात धिंगरी अळिंबीचे (ऑयस्टर मशरूमचे) पीक चांगले आले, पण उन्हाळ्यात त्याच विक्रेत्याच्या बियाण्याला कोंबच फुटले नाहीत. बेडवरील (काड भरलेल्या पिशव्यांवरील) हिरव्या बुरशीसाठी विक्रेता कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक दुप्पट घ्यायला सांगतो, ते योग्य आहे का? बांधावर उगवणारी पांढरी अळिंबी खाता येते का?

उत्तर: धिंगरीच्या अनेक प्रजाती लागवडीत आहेत आणि प्रत्येकीचे तापमान वेगळे आहे. प्लुरोटस ऑस्ट्रिएटसला कोंब फुटण्यासाठी साधारण १० ते २० अंश सेल्सिअस लागतात, तर प्लुरोटस सॅजोर-काजू २० ते ३० अंशांत पीक देते. तापमान त्याहून वर राहत असेल तर दुधी अळिंबी घ्यावी, मात्र तिला केसिंगचा, म्हणजे बेडवर निर्जंतुक मातीचा, थर द्यावाच लागतो. पिशवीवर प्रजातीचे नाव नसलेले, ‘बारमाही चालते’ म्हणून गळ्यात मारलेले बियाणे घेऊ नये. देठ लांब आणि छत्री लहान राहत असेल तर खोलीत कार्बन डायऑक्साइड साठला आहे. खिडक्या उघडाव्यात, टॉनिक विकत घेऊ नये.

कार्बेन्डाझिमची मात्रा दुप्पट करू नये. अळिंबी हीदेखील बुरशीच आहे, त्यामुळे जादा औषधाने तिच्याच तंतूंची वाढ मंदावते. शंभर लिटर पाण्यात ७.५ ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि १२५ मिली फॉर्मेलिन, त्यात काड १६ ते १८ तास भिजवणे, एवढीच शिफारस आहे, आणि तीही बेड भरण्यापूर्वी. कोंब आल्यावर फवारणी अजिबात नको. माझा आग्रह मात्र ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर काड बुडवण्याचाच राहील, कारण त्यात औषधाचा अंश राहण्याची भीतीच नाही. मुठीत दाबल्यावर पाणी टपकणारे काड भरल्यास ट्रायकोडर्मा, म्हणजे ती हिरवी बुरशी, येणारच, मग औषध कोणतेही असो.



बांधावरील अळिंबी खाऊ नये. भातकाडावर वाढणारी खाद्य अळिंबी व्होल्व्हॅरिएला आणि प्राणघातक अमानिटा फॅलॉइड्स या दोघींच्याही बुडाशी पिशवीसारखे आवरण असते, आणि कोवळेपणी दोघींचे कल्ले (छत्रीखालच्या पातळ पाकळ्या) पांढरेच दिसतात. छत्री कागदावर रात्रभर पालथी ठेवल्यास पहिलीच्या बीजाणूंचा ठसा गुलाबी-तपकिरी आणि दुसरीचा पांढरा उमटतो. पण धिंगरीचाही ठसा फिकट असतो, म्हणून एकट्या ठशावरून खाण्याचा निर्णय घेऊ नये. चांदीचे नाणे काळे पडले नाही म्हणजे अळिंबी सुरक्षित, हा समज साफ खोटा आहे. अमानिटाचे विष शिजवूनही जात नाही आणि उलट्या बहुधा सहा तासांनंतर सुरू होतात. शंकास्पद अळिंबी पोटात गेली असल्यास त्रास होण्याची वाट न पाहता उरलेला तुकडा सोबत घेऊन रुग्णालयात जावे.