चालता चालता बोललेली रोजनिशी

प्रश्न : मी हिमालयात १२ दिवसांच्या पदभ्रमंतीस जाणार असून मोबाइलवर बोलून रोजनिशी ठेवण्याचा माझा विचार आहे, मात्र माथेरानच्या सरावात वाऱ्यामुळे माझे बोलणेच ऐकू येईनासे झाले. काय करावे?
— एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : वारा थेट माइकच्या छिद्रावर आदळला की उमटणारी घरघर नंतर पुरती काढता येत नाही, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून, मोबाइल छातीच्या आडोशाला धरून, तोंडापासून वीतभर अंतरावरून बोलावे, त्यावर लोकरीचा मोजा सैलसर चढवल्यास आणखी फरक पडतो. थंडीत लिथियम-आयन बॅटरीची क्षमता तात्पुरती घटते, त्यामुळे रात्री मोबाइल स्लीपिंग बॅगेत अंगाशी ठेवावा. जागेची चिंता नसावी : १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट) दर्जाच्या एमपीथ्री ध्वनिफाइलला मिनिटाला सुमारे १ एमबी लागते, म्हणजे रोज १० मिनिटे बोललात तरी १२ दिवसांत १२० एमबीच. सुरुवातीला तारीख व मुक्कामाचे नाव आवर्जून सांगावे.

आणि एक मनापासूनची विनंती : बोलणे संपताच रेकॉर्डिंग बंद करू नये, अर्धा मिनिट गप्प बसावे. तंबूच्या कापडाची फडफड, खेचरांच्या गळ्यातील घंटा आणि आपलाच चढाने लागलेला श्वास त्या अर्ध्या मिनिटात आपोआप टिपला जातो.