वॉरंटीत बसत नाही म्हणाले, आता पुढं काय?

गेल्या अंकात गाडीच्या बॅटरीबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतके मेसेज आले की या वेळचं अख्खं पान त्यालाच दिलंय. जवळपास सगळ्यांचं दुखणं एकच, वस्तू वॉरंटीत असताना बिघडली, दुकानात नेली आणि हात हलवत परत आले. मी १९ वर्षं स्पेअर पार्टच्या काउंटरमागं उभा होतो, कंपनीचा माणूस क्लेम कसा बघतो हे रोज बघितलंय, म्हणून जे माहितीय ते मोकळेपणानं सांगतो.

प्रश्न : काका, माझी छोटी पेट्रोल गाडी आहे. १४ महिन्यांपूर्वी नवीन बॅटरी टाकली, कार्डावर २४ अधिक २४ महिने लिहिलंय. आता सकाळी चावी फिरवली की नुसतं कट कट होतं. दुकानदारानं बॅटरी दोन दिवस ठेवून घेतली, चार्ज करून परत दिली, म्हणाला बॅटरीवरचा चार्ज दाखवणारा काचेचा डोळा हिरवा आहे, बॅटरी ओके. चार दिवसांनी परत तेच. आता म्हणतो गाडीतच करंट लीक आहे, कंपनी बदलून देणार नाही. मी काय करू? (एक वाचक, सातारा)

दादा, पहिलं म्हणजे त्या हिरव्या डोळ्यावर जाऊ नका. १२ व्होल्टच्या बॅटरीत ६ सेल असतात आणि तो डोळा त्यातल्या एकाच सेलमधे बसवलेला असतो, बाकीचे ५ सेल कसे आहेत ते त्याला दिसतच नाही. एक सेल मेला तरी डोळा हिरवा राहू शकतो. मी असे कितीतरी बघितलेत, झाकणं उघडणारी बॅटरी असली की हायड्रोमीटरनं (बॅटरीच्या पाण्याची घनता मोजायची काचेची नळी) एकेक सेलचं पाणी ओढायचं आणि उजेडाकडं धरून तरंगता आकडा वाचायचा, पाच सेल १२४० च्या आसपास आणि सहावा ११०० ला बुडालेला. असं दिसलं की वाद संपला, तो सेल गेलाय. पण सहाच्या सहा सेल सारखेच खाली असतील तर मात्र बॅटरी खराब नाही, ती फक्त उतरलीय, आणि ते बहुतेक गाडीमुळं होतं. कंपनी पण नेमका हाच फरक बघते, त्यामुळं तुमचा दुकानदार खोटंच बोलतोय असं मी लगेच म्हणणार नाही.

म्हणून आधी गाडी निर्दोष आहे हे तुम्हीच दाखवून द्या. मल्टीमीटर लावा. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारा गाडीचा जनरेटर, चार्ज करतोय (काही नव्या गाड्यांत स्मार्ट अल्टरनेटर असतो, तिथं आकडा खालीवर होतो, घाबरू नका). मग गाडी बंद करून लॉक करा, सगळं शांत झाल्यावर किती करंट जातोय ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, साधारण ५० मिलिअँपियरच्या आत असेल तर ठीक. डॅशकॅम, जीपीएस, बाहेरून टाकलेला म्युझिक सिस्टिम, असलं काही थेट बॅटरीला जोडलंय का तेही बघा, कारण क्लेम फेटाळायला त्यांना तेवढं कारण पुरतं. आणि बॅटरी फुल चार्ज करून गाडीतून सोडवून बाजूला ठेवली तरी काही तासांत १०.५ व्होल्टच्या आसपास आली तर तुमच्या गाडीचा संबंधच राहिला नाही ना! हे सगळं मोबाईलवर तारखेसकट फोटो काढून ठेवा.

आता खरा मुद्दा. दुकानदाराला म्हणायचं, नाही देणार तर नाही देणार, पण कागदावर लिहून द्या. बॅटरीचा सिरीयल नंबर, टेस्ट कोणत्या मशीनवर केली, आकडे काय आले, कोणत्या कारणानं रिजेक्ट, तारीख, शिक्का. मी काउंटरला होतो तेव्हाचं सांगतो, तोंडी नाही म्हणताना माणूस क्षणाचा विचार करत नाही, पण लिहून द्या म्हटलं की बॅटरी परत टेस्टरवर चढते. माझ्या डोळ्यासमोर निम्म्या वेळा निकाल तिथंच बदलला.

अजून एक, ते २४ अधिक २४ नीट समजून घ्या. पहिल्या २४ महिन्यांत फुकट बदलून, पुढच्या २४ मधे प्रो-राटा, म्हणजे नवीन बॅटरीवर फक्त सवलत. ती सवलत एमआरपीवर धरतात आणि इथंच लोक फसतात. समजा एमआरपी ६,८०० आणि सवलत ३५ टक्के, तर पडली ४,४२० ला आणि जुनी बॅटरी पण त्यांनाच द्यायची. तीच बॅटरी बाजारात जुनी परत करून ४,६०० ला मिळत असेल तर तुमचा फायदा झाला १८० रुपयांचा. तुम्ही १४ व्या महिन्यात आहात, म्हणून आत्ताच भांडा, पुढं ढकलू नका. आणि बदलून मिळालेल्या बॅटरीला नवीन ४८ महिने मिळत नाहीत, बहुतेक कार्डांवर मूळ तारखेपासून उरलेलेच महिने चालतात. मला हे मनापासून चुकीचं वाटतं, कारण पहिला माल सदोष दिला तो त्यांनी आणि त्यात गेलेले दिवस आपले.

प्रश्न : मी इचलकरंजीत फॅब्रिकेशनचं काम करतो, गेट आणि ग्रिल. ४ इंची ग्राइंडर घेतला, ५ व्या महिन्यात आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) जळालं. दुकानदार म्हणतो सर्व्हिस सेंटरला जा, सेंटरवाले म्हणतात ओव्हरलोड केलाय. परत गेलो तर म्हणाले तुमचा वापर कमर्शियल आहे, ग्राहक कायदा तुम्हाला लागू नाही. खरं आहे का हे?

नाही, हे खरं नाही, आणि हे वाचून मला फार राग आला कारण हातावर पोट असलेल्या माणसाला हेच सांगून घरी पाठवतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधे ग्राहक कोण याची व्याख्या आहे, त्यात व्यापारी हेतूनं घेतलेला माल वगळलाय हे बरोबर, पण त्याच्याच खाली स्पष्टीकरण दिलंय की स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरायची नाही. तुम्ही स्वतः ग्राइंडर चालवून घर चालवताय, तुम्ही ग्राहकच आहात. मात्र कंपनीच्या कार्डावर घरगुती वापरासाठीच वॉरंटी असं छापलेलं असू शकतं, ती अट वेगळी, घेतानाच वाचायची. रोज आठ तास चालवायचा असेल तर प्रोफेशनल रेंजचाच घ्या, घरगुती मॉडेल तेवढं काम झेलत नाही.

ओव्हरलोडचं म्हणाल तर त्यांच्या समोर मशीन उघडायला सांगा. आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा जो गोल असतो, कम्युटेटर, तो बघा. दोन-तीनच पट्ट्या काळ्या पडल्यात आणि बाकी स्वच्छ, तर त्या जागची वाइंडिंगची जोडणी सुटली असण्याची शक्यता जास्त, तिथं मॅन्युफॅक्चरिंग दोष म्हणून नेट लावून धरा. पण आर्मेचर आणि बाहेरची फील्ड कॉइल दोन्ही सगळीकडून सारखी काळी, वॉर्निश करपल्याचा वास, तर मशीन तापवून चालवलंय आणि तिथं त्यांची बाजू बरोबर आहे. लांबलचक बारीक एक्स्टेंशन वायरवर व्होल्टेज पडतं आणि माणूस जास्त दाबतो, हे पण एक कारण असतं. कार्बन ब्रश, म्हणजे कम्युटेटरवर घासून करंट पोचवणारे तुकडे, वॉरंटीत येत नाहीत, ती झिजायचीच वस्तू, पण संपलेले ब्रश तसेच चालवले तर कम्युटेटर जातो आणि मग क्लेम पण जातो. एक विनंती, ४ इंची मशीनचा गार्ड काढून ५ इंची चाक लावू नका. क्लेम तर फेटाळतातच, पण ते चाक फुटलं तर डोळ्याच्या आणि गळ्याच्या उंचीला असतं.

आणि दुकानदारानं बिल दिलं नसेल तर बिल न देणं हीच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला नकार देणं पण त्यातच येतं, बिलावर मुदत लिहिली नसेल तर ३० दिवस धरतात. तेव्हा विकलेला माल परत घेतला जाणार नाही ही पाटी बघून माघारी फिरू नका.

आता रस्ता असा. आधी कंपनीला ईमेल, बिल आणि रिजेक्शनचा कागद जोडून. उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, फोन मराठीत करता येतो आणि बरीच प्रकरणं तिथंच सुटतात. तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य, वकील लागतोच असं नाही, आणि २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता किंवा काम करता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावाला जायची गरज नाही. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन पण भरता येते. मुदत २ वर्षं. दोषाबद्दल वाद असेल तर आयोग वस्तू लॅबला पाठवू शकतो, म्हणून जळालेलं आर्मेचर भंगारात देऊ नका आणि बाहेर रिवाइंड पण करून घेऊ नका.

प्रश्न : ऑनलाइन घेतलेला शॉक अॅब्सॉर्बर ३ महिन्यांत ऑइल सोडायला लागला. बदलून मिळाला, पण काढाघालीची मजुरी १,४०० दोनदा गेली. ती मिळते का?

कार्डावर बहुतेक फक्त पार्ट असतो, मजुरी नसते, त्यामुळं कंपनी सहसा देत नाही. आयोगापुढं मागता येते, म्हणून गॅरेजवाल्याकडून दोन्ही वेळचं बिल घ्या, नुसत्या चिठ्ठीवर भागवू नका. पुढच्या वेळी ज्या गॅरेजमधे बसवणार तिथूनच पार्ट घ्या, २०० रुपये जास्त गेले तरी चालतील, म्हणजे पार्ट आणि काम दोन्हीची जबाबदारी एकाच बिलावर येते.

प्रश्न : बिल होतं पण कोरं झालं. डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेलं, आता त्यावर एक अक्षर दिसत नाही. (ताई, नाशिक)

ताई, तो थर्मल कागद असतो, उष्णतेनं उडतोच. यूपीआय किंवा कार्डनं पैसे दिले असतील तर बँक स्टेटमेंटवरून तारीख आणि रक्कम काढा, ती घेऊन दुकानात जा, जीएसटी बिल असेल तर त्यांच्या कॉम्प्युटरमधे ते असणार, डुप्लिकेट प्रिंट मागा. वस्तूवरचा सिरीयल नंबर सोबत न्या, बऱ्याच कंपन्या त्यावरून मालाची तारीख काढू शकतात. नवीन बिल हातात आलं की दुकानाच्या पायरीवरच फोटो काढून स्वतःला ईमेल करा.