रनर, मॅट आणि आतलं अस्तर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: ताई, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, घरीच शिवणकाम करते. भाचीच्या लग्नात द्यायला डायनिंग टेबलवर मधोमध अंथरायचा लांब क्विल्टेड रनर आणि गरम भांड्याखाली घालायचे मॅट असा सेट करायचाय. दुकानदार म्हणतो पॉलीफिलची, म्हणजे पॉलिएस्टरची फुगीर शीट घ्या, गरम भांड्यानं वितळत नाही, सासूबाई म्हणतात जुनं लुगडं घाल, आणि व्हिडिओत बघावं तर सगळ्याजणी चकचकीत चंदेरी शीट घालतात. टेबल सहा फुटी सागवानी आहे, पॉलिश केलेलं. रस्स्याचं पातेलं थेट रनरवर ठेवलं तर चालेल का?

उत्तर: नाही चालणार. रनर वेगळा आणि मॅट वेगळा, दोघांच्या आत एकच शीट घालायला गेलात की दोन्ही फसतात बघा. रनर टेबलाला चिकटून सपाट बसला पाहिजे, नाहीतर पांढऱ्या रस्स्याची वाटी ठेवली की कलंडलीच म्हणून समजा, म्हणून त्यात पातळ सुती बॅटिंगचा, म्हणजे आत भरायच्या कापसाच्या शीटचा, एकच थर घाला, किंवा ८० टक्के सुती आणि २० टक्के पॉलिएस्टर असं मिक्स मिळतं ते. पॉलीफिल हलकं असतं, धुतलं की पटकन वाळतं, स्वस्तही पडतं, पण ते फुगतं, आणि फुगलेला रनर मला तरी टेबलावर गादी टाकल्यासारखा दिसतो.

आता उष्णतेचं. पॉलिएस्टर वितळतं साधारण २५० ते २६० अंशांना, त्यामुळे उकळत्या रस्स्याच्या पातेल्यानं, म्हणजे १०० अंशांच्या आसपास, ते वितळणार नाही, दुकानदार तेवढं खरंच सांगतोय. पण ७०-८० अंशांच्या पुढं त्याचा धागा मऊ पडायला लागतो, वरून पातेल्याचं वजन, की तेवढीच जागा दबून बसते आणि तिथं गोल ठसा उमटतो तो जात नाही. आणि रिकामा तापलेला तवा किंवा बिडाची कढई गॅसवरून उतरून थेट ठेवलीत तर वितळूसुद्धा शकतं. सुती कापूस वितळत नाही, फार तापला तर करपतो. दुकानात शीट सुती म्हणून देतात पण खात्री नसेल तर कडेचा एक धागा चिमट्यात धरून सिंकवर पेटवून बघा, कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती, प्लास्टिकचा वास आणि कडक मणी तयार झाला की पॉलिएस्टर.

चंदेरी शीट, इन्सुल-ब्राइट वगैरे नावानं मिळते ती, वाईट नाही पण लोक तिला जादू समजतात. ती उष्णता कमी करते, पूर्ण थांबवत नाही, आणि ती स्वतःही पॉलिएस्टरचीच असते, मधे फक्त चमकणारी धातूची फिल्म. ही फिल्म लांबून येणारी धग परतवते पण भांडं जिथं थेट टेकलंय तिथं उष्णता कापडातूनच खाली उतरते, तिथं जाडीच कामाला येते. म्हणून मॅटमध्ये सुती बॅटिंगचे दोन थर आणि मधे हवी तर चंदेरी शीट, नुसती चंदेरी नको. टिफिनच्या पिशवीत घालतात ती बबलवाली किंवा फोमवाली चंदेरी शीट मात्र अजिबात नको, ते पॉलिथिन असतं आणि साधारण ११० अंशांनाच ढिलं पडतं, तर कुकर आतून १२० अंशांपर्यंत जातो.

सासूबाईंच्या लुगड्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. वापरून मऊ झालेलं सुती कापड आधीच आटलेलं असतं, वाकळ शिवताना आपल्याकडं आत हेच तर घालतात. चार-पाच पदर घाला आणि धावदोरा जवळजवळ घ्या म्हणजे पदर सरकत नाहीत. पिंजलेला मोकळा कापूस मात्र नको, धुतला की गोळे होतात.

मापाचं म्हणाल तर सहा फूट म्हणजे ७२ इंच, दोन्ही बाजूला सहा-सहा इंच लोंबायला धरा, ८४ झाले. सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के आटतं, म्हणजे अडीच ते चार इंच गेलेच, तेवढं जास्त घ्या. वरचं कापड आधी धुऊन घ्या, इचलकरंजीचं सुती पॉपलीन यासाठी छान. रंग गडद घ्या हो, तांबड्या रस्स्याचा तवंग पांढऱ्या रनरवर सांडला की विषयच संपला.

आणि मॅट ओला असताना गरम भांडं ठेवू नका, उचलायलाही घेऊ नका. कापडातल्या हवेपेक्षा पाणी उष्णता २० पटीहून जास्त वेगानं पुढं नेतं, हाताला लगेच चटका बसतो, आणि वाफ पॉलिशखाली शिरली की सागवानावर पांढरा डाग पडतो. पावसाळ्यात जाड सुती मॅट लवकर वाळत नाहीत, तेव्हा दोन जोड देऊन टाका भाचीला.

प्रश्न: हीच चंदेरी शीट घालून मायक्रोवेव्हमध्ये बाउल ठेवायचं कव्हर शिवलं तर?

उत्तर: अजिबात नको, फिल्ममध्ये धातू असतो, ठिणग्या उडतात. मायक्रोवेव्हसाठी कापड, बॅटिंग, दोरा सगळं शंभर टक्के सुती, आणि तेही एक-दोन मिनिटांपुरतंच, जास्त वेळ ठेवलं तर सुतीसुद्धा करपून पेट घेऊ शकतं.

प्रश्न: कागलला आमच्या आजोबांची जुनी घोंगडी पडून आहे. मॅटच्या आत घातली तर वाया जाईल का?

उत्तर: वाया कशाला, उलट मस्त. लोकर वितळत नाही, सहजासहजी पेटही घेत नाही आणि धग चांगली अडवते. आधी गरम पाण्यात भिजवून काय आटायचं ते आटू द्या, नाहीतर मॅट शिवल्यावर आतून आवळेल आणि वरच्या कापडाला चुण्या पडतील. टोचते म्हणून दोन्ही बाजूंनी सुती कापड लावा, मशीनला १६ नंबरची सुई घाला, टाका मोठा ठेवा. कसर लागलेला भाग मात्र कापून टाका, तो घालू नका.