मोबाईल ओके म्हणतच नाही!

प्रश्न: आमची हापूसची नवीन कलमं कातळावर आहेत आणि पंप खाली विहिरीवर, घरापासून दोन किलोमीटर. लाईट आली की कोणीतरी धावत जायचं, म्हणून जुना नोकिया ३३१० आर्डुइनो युनोला (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) जोडून एसएमएसवर पंप चालू करायचं डोक्यात घेतलं. बॅटरीखालच्या पॅडना वायरी सोल्डर केल्या, आठ दिवस झाले एटी (मोडेमला द्यायची कमांड) पाठवतोय पण ओके काय येत नाही, टीएक्स-आरएक्स (पाठवायची आणि घ्यायची वायर) उलटसुलट करून पण झालं. बाबा म्हणतत, 'त्यापरास चलत जा.' चुकतंय कुठे?
— एक वाचक, देवगड

उत्तर: सोल्डरिंगला दोष देऊ नका, तुम्ही फोनशी भलत्याच भाषेत बोलताय. ३३१० ला त्या पॅडवर एटी कमांड कळतच नाहीत, तिथे एफ-बस ही नोकियाची स्वतःची भाषा चालते. १,१५,२०० बॉडला (सेकंदाला तेवढे बिट) आधी यू हे अक्षर १२८ वेळा पाठवून फोनला ताळ्यावर आणायचं, मग हेक्स १ई ने सुरू होणारी फ्रेम म्हणजे संदेशाचं पाकीट, शेवटी चूक पकडणारा आकडा म्हणजे चेकसम, आणि एसएमएसचा मजकूर ७-७ बिटांत ठासून भरलेला. जमतं, लोकांनी केलंय, पण तुम्हाला कलमांना पाणी घालायचंय ना?

दुसरी गोष्ट, व्होल्टेज. युनो ५ व्होल्टवर बोलतो, फोन साधारण २.८ वर, म्हणजे युनोचा टीएक्स थेट लावला असेल तर फोनची ती पिन कदाचित गेली पण असेल. उलट बाजूला गंमत अशी की युनोला ‘हाय’ समजायला किमान ३ व्होल्ट लागतात, त्यामुळे फोन २.८ देतो तेव्हा कधी वाचेल कधी नाही.

माझं ऐकाल तर ३३१० ठेवा शोकेसमध्ये आणि सिम८००एल हे सिम घालायचं मॉड्यूल घ्या, त्याला एटी समजतं. सोबत युनोऐवजी ३.३ व्होल्टवाला आर्डुइनो प्रो मिनी घ्या, वाचायची भानगड मिटते, फक्त मॉड्यूलच्या आरएक्सला १ के रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. ग्राउंड दोघांचा एकच हवा, हे निम्मे लोक विसरतात. सप्लाय ३.४ ते ४.४ व्होल्टच द्या, नेटवर्क पकडताना ते क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतं, म्हणून लिथियमचा सेल आणि जवळच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, नाहीतर सारखं रिस्टार्ट होत बसेल आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत बसाल. मॉड्यूल फक्त टूजीवर चालतं, जिओचं सिम टाकू नका. विहिरीपाशी टूजीची रेंज येते का ते आधी साध्या फोनवर बघून या.

एसएमएस कशाला, मिस्ड कॉल पुरे. एटी प्लस सीएलआयपी इक्वल टू १ दिलं की रिंगसोबत नंबर येतो, तुमचा असला तर एटीएच पाठवून कॉल तोडा आणि रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) ओढा, पैसे पण नाही जात. तो बारका निळा रिले मोटरला थेट मात्र लावू नका, चिकटून बसेल आणि पंप बंदच होणार नाही. त्याने फक्त स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल चालवा, आणि ते वायरिंग वायरमनकडूनच करून घ्या.

आणि हो, जंपर वायरी नकोत. आपल्या खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात पिना हिरव्या पडतात. सगळं सोल्डर करा आणि बोर्डावर नेलपॉलिशचा हात मारा, घरात असतंच कोणाचं तरी.