भारत फिरायला सर्वात चांगला ऋतू कोणता?

तुमचा मित्र पहिल्यांदाच भारतात येतोय, हाताशी तीन आठवडे, आणि लडाख, राजस्थान, तामिळनाडू, कोकण असं सगळं करायचंय. सगळे सांगतात नोव्हेंबर ते फेब्रुवारीत या, पावसाळा टाळा. हे खरं का, असं तुम्ही विचारलंय.

नाही. हे वाक्य ऐकून माझे कान किटलेत, आणि त्यापायी माझ्या वडिलांची, आबांची, एकुलती एक यात्रा वाया जाता जाता राहिली.

आमचं घर देवगड तालुक्यात. थोडी भातशेती, बाकी हापूसची कलमं. अशा माणसाला बाहेर पडायला वर्षात एकच फट असते: दिवाळीच्या सुमारास भात झोडून घरात आलं की मोहोराची फवारणी सुरू होईपर्यंत. आबांना रामेश्वर करायचं होतं. डोंबिवलीचा माझा चुलतभाऊ, आमचा दादा, म्हणाला, "नोव्हेंबर म्हणजे बेस्ट सीझन, डोळे झाकून चला." छत्र्या घेऊ का, असं आईने दोनदा विचारलं. दादाने नको म्हटलं.

मदुराईला उतरलो तेव्हापासून पाऊस. रामेश्वरात तीन दिवस पाऊस. देवळातल्या बावीस तीर्थांचं स्नान करून आबा बाहेर आले, ते ओलं धोतर घरी पोचेपर्यंत वाळलं नाही. धनुष्कोडीला जायच्या दिवशी वारा इतका, की गाडीवाला नाहीच म्हणाला. दादाचं एकच पालुपद, "अवकाळी आहे, आपलं नशीब." आबा गप्प.

पुढे तंजावरच्या अलीकडे गाडी चहाला थांबली. रस्त्याला लागूनच भात, हिरवंगार. आबा भिजत बांधावर उतरले, एक रोप हातात धरून कांडं चाचपलं आणि मला हाक मारून म्हणाले, "आमचा भात झोडून झाला, हेंचा अजून पोटरेत नाय. हेंचो पाऊस आता पडता रे." पोटरी म्हणजे कणीस अजून रोपाच्या पोटातच असतं ती अवस्था.

आबांना एका रोपावरून जे कळलं, ते दादाला अजून मान्य नाही. जूनमधले नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीवर आदळून आमच्याकडेच रिते होतात, तामिळनाडू घाटाच्या आडोशाला राहतो. त्यांना पाऊस देतात ते बंगालच्या उपसागरावरून येणारे ईशान्येचे वारे, ऑक्टोबर ते डिसेंबर. वर्षातला निम्म्याच्या आसपास पाऊस त्याच तीन महिन्यांतला. २०१५ साली चेन्नई बुडाली ती डिसेंबरच्या सुरुवातीला. तोही अवकाळीच का?

आणि हाच दादा कोकणात येतो तो मे महिन्यात आंबे खायला आणि नाताळात मालवणला. पायाला चटके देणारा काळा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार, त्याने पाहिलाय. त्याच सड्यावर ऑगस्टअखेर गुडघाभर गवत असतं, कातळातल्या डबक्यांच्या कडेने सीतेची आसवं जांभळी उमललेली असतात, ते त्याने एकदाही पाहिलेलं नाही. लावणीच्या दिवसांत मळ्यात बायकांची रांग वाकलेली, ओटीवर पागोळ्यांचा आवाज, चुलीवर कुळथाची पिठी, टाकळ्याची भाजी. जन्मभर हे न बघता "कोकणात पावसाळ्यात काय आहे" म्हणणाऱ्यांचं मी काय ऐकायचं?

तर तुमच्या मित्राचं. चारही ठिकाणं एका फेरीत करू नका. राजस्थान आणि तामिळनाडू एकत्र करायचं तर जानेवारी-फेब्रुवारी. फक्त धुक्याच्या दिवसांत दिल्लीहून सुटणाऱ्या गाडीचा भरवसा धरू नका. लडाख आणि कोकण एकत्र करायचं तर जुलै-ऑगस्ट. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण लेह हिमालयाच्या पलीकडे असल्याने तिथे वर्षभरात शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि आमच्या रत्नागिरीत तीन हजारांवर. पहिली फेरी असेल तर मी ही दुसरी जोडीच निवडेन. मित्राला विमानाचं तिकीट काढून द्या आणि किमान पाच दिवस एकाच गावात राहू द्या.

आता अडचणी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, ताजी सुरमई मिळेल या आशेवर येऊ नका. सुके बांगडे आणि सोडे खा. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकावर हळू धावते, आणि घाटात दरड आली तर दिवस जातो. समुद्रात उतरायचं नाही, रेड अलर्ट असेल त्या दिवशी धबधब्याकडे फिरकायचं नाही, यात तडजोड नको. आणि मालवणच्या होड्या बंद असतात, तेव्हा सिंधुदुर्ग किल्ला किनाऱ्यावरूनच बघावा लागेल.